ग्रॉग: खलाशांच्या पेल्याची गोष्ट, आणि तो मापाने कसा भरायचा

बावीस वर्षं बोटीवर काढली, सगळी इंजिन रूममध्ये. आमच्या बोटींवर दारूला सक्त मनाई होती, त्यामुळे ग्रॉग हा शब्द मी जुन्या खलाशांच्या तोंडून फक्त ऐकत आलो. प्रत्यक्ष केलं ते निवृत्तीनंतर, रेवदंड्याला मेहुण्याच्या पडवीत बसून. त्या दिवशी रममध्ये भरपूर बर्फ, सोडा आणि बाटलीतलं गोड लिंबूपाणी घातलं. मेहुणा म्हणाला, "भावोजी, चांगलं लागतंय, पण खलाशी बर्फ कुठून आणायचे?" प्रश्न रास्त होता. तिथून मी या पेयाच्या मागे लागलो तो आजतागायत.

ग्रॉगमध्ये रम असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ग्रॉग हे रमचं नाव नाही. रममध्ये मोजून घातलेल्या पाण्याला ते नाव मिळालं. म्हणून हे पेय समजून घ्यायचं तर सुरुवात बाटलीपासून करून चालत नाही, हुकुमापासून करावी लागते. पाककृतीच तेवढी हवी असेल तर थेट चौथ्या पायरीवर जा. पण आधीच्या तीन पायऱ्या वाचल्या तर पाणी किती आणि का घालायचं हे पाठ करावं लागणार नाही, आपोआप लक्षात राहील.

पहिली पायरी: नाव कुठून आलं ते बघा

एडवर्ड व्हर्नन हा इंग्रजांच्या आरमाराचा ॲडमिरल. १७३९ साली त्याने पनामाच्या किनाऱ्यावरचं स्पॅनिश बंदर पोर्तो बेलो अवघ्या सहा जहाजांनिशी जिंकलं आणि तो घराघरात पोचला. तो कायम एक डगला घालायचा. डगला ग्रोग्रॅम नावाच्या कापडाचा होता. हे रेशीम आणि लोकर मिसळून विणलेलं जाडंभरडं कापड, ताठ राहावं म्हणून त्याला गोंद लावत. त्या कापडावरून खलाशी त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणू लागले, म्हणजे आपल्याकडे एखाद्याला 'घोंगडीवाले आप्पा' म्हणावं तसं.

२१ ऑगस्ट १७४० रोजी जमैकाच्या पोर्ट रॉयल बंदरात, बरफर्ड या आपल्या जहाजावरून व्हर्ननने हुकूम काढला. खलाशाला रोज मिळणारी अर्धा पाइंट रम यापुढे कोरी द्यायची नाही. तिच्यात एक क्वार्ट पाणी, म्हणजे रमच्या चौपट, मिसळायचं. ते दोन वेळा वाटायचं: एकदा सकाळी १० ते १२ च्या दरम्यान, एकदा दुपारी ४ ते ६ च्या दरम्यान. मिसळायचं ते डेकवर, त्यासाठीच राखून ठेवलेल्या पिंपात, आणि पहाऱ्यावरच्या लेफ्टनंटच्या डोळ्यांदेखत.

त्या ओल्ड ग्रॉगने पाजलेलं म्हणून ते ग्रॉग. ते जास्त झालेला माणूस 'ग्रॉगी'. मुष्टियुद्धाचं धावतं वर्णन करणारे ठोसा खाऊन लडखडणाऱ्या खेळाडूला आजही ग्रॉगी म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशी हा डगला आहे. ऑस्ट्रेलियात तर आता कुठल्याही दारूला सरसकट ग्रॉग म्हणतात.

व्हर्ननचं स्वतःचं नाव वेगळ्याच ठिकाणी टिकलं. पोर्तो बेलोनंतर कार्ताहेना या दुसऱ्या स्पॅनिश बंदरावरच्या मोहिमेत त्याच्या हाताखाली लॉरेन्स वॉशिंग्टन नावाचा अमेरिकन अधिकारी होता. त्याने व्हर्जिनियातल्या आपल्या मळ्याला माउंट व्हर्नन नाव दिलं. पुढे तेच त्याच्या धाकट्या भावाचं, जॉर्ज वॉशिंग्टनचं घर झालं.

दुसरी पायरी: पाणी का घातलं ते समजून घ्या

आरमारात आधी बिअर होती, माणशी रोज एक गॅलन. थंड समुद्रात ती टिकायची. उष्ण समुद्रात गेलं की आंबायची. पिण्याचं पाणी लाकडी पिंपात भरलेलं, ते काही आठवड्यांत हिरवट, बुळबुळीत व्हायचं. १६५५ साली इंग्रजांनी जमैका घेतलं आणि तिथे रम हाताशी आली. रम खराब होत नाही, आणि थोड्या जागेत मावते. १७३१ च्या नियमांत तिचा दर ठरला: बिअर संपली की एका गॅलनऐवजी अर्धा पाइंट रम.

हा आकडा कागदावर लहान दिसतो, म्हणून तो आपल्या मापात आणतो. त्या काळचा अर्धा पाइंट म्हणजे सुमारे २३७ मिलि. आरमारातल्या रमची पुढे ठरलेली ताकद ५४.५ टक्के अल्कोहोल. आपल्याकडे दुकानात मिळणारी रम ४२.८ टक्के, म्हणजे लेबलवर ७५ अंश प्रूफ लिहिलेली असते ती. हिशोब मांडला तर त्या ताकदीने खलाशाचं रोजचं रेशन आपल्या रमच्या पाच मोठ्या पेगांइतकं भरतं. आणि हे पाच पेग घेऊन माणूस वादळात शिडाच्या काठीवर चढायचा. कित्येक जण सगळं रेशन एका दमात रिचवत, काही जण साठवून ठेवत आणि एका रात्रीत संपवत. माणसं वरून पडत, मारामाऱ्या होत, आणि मग फटके खात.

व्हर्ननने रम बंद केली नाही. तेवढीच रम दिली, फक्त पातळ केली आणि दोनदा विभागली. माझ्या मते त्याचं खरं कसब इथे आहे. कोरी रम बाटलीत महिनोन्‌महिने राहते, पण पाणी घातलेली रम साठवून काही उपयोग नाही, तिची चव उतरते. म्हणजे साठेबाजीचा बंदोबस्त पाण्यानेच झाला. १७५६ मध्ये हे मिश्रण साऱ्या आरमाराच्या नियमांत आलं.

डेकवर, सगळ्यांसमोर मिसळण्याचा आग्रहही यासाठीच. जहाजावरचा शिधा पर्सर नावाच्या कारकुनाच्या ताब्यात असायचा. त्याच्या मापावर कोणाचाच भरवसा नव्हता. खलाशांनी त्याचं 'पसर' केलं आणि आरमारी रमला 'पसर्स रम' म्हणू लागले. रम खरी आहे की पाणी मारलेली, हे तपासायला बंदुकीची दारू रममध्ये भिजवून पेटवायची रीत सांगतात. पेटली तर रम पुराव्याला उतरली. 'प्रूफ' हे माप त्यातून आलं. ब्रिटिश पद्धतीत १०० अंश प्रूफ म्हणजे ५७.१५ टक्के अल्कोहोल. पुढे १८१६ मध्ये साइक्सचा हायड्रोमीटर, म्हणजे दारूची ताकद मोजणारं उपकरण, अधिकृत झाला आणि तपासणीतला अंदाज संपला.

तिसरी पायरी: लिंबाबद्दलचा गैरसमज काढून टाका

इथे जरा थांबावं लागेल, कारण बहुतेक ठिकाणी चुकीचं लिहिलेलं असतं. 'स्कर्व्ही होऊ नये म्हणून व्हर्ननने रममध्ये लिंबू घालायला लावलं' हे खरं नाही. त्याच्या हुकुमात लिंबू आहे, पण ते सरकारी खर्चाने नाही. जे खलाशी काटकसरी असतील त्यांनी आपल्या वाट्याचं खारवलेलं मांस आणि पाव वाचवून, त्या बदल्यात साखर आणि लिंबं घ्यावीत, म्हणजे पेय चवीला बरं लागेल, एवढंच त्यात आहे. हेतू चवीचा होता.

स्कर्व्ही म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने हिरड्या सुजतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, माणूस खंगत जातो. त्यावरचा प्रसिद्ध प्रयोग सात वर्षांनी झाला. १७४७ मध्ये सॉल्सबरी या जहाजावर डॉक्टर जेम्स लिंडने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं ते सर्वांत लवकर उभे राहिले. एवढं होऊनही आरमाराला लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ साल उजाडलं, तेही गिल्बर्ट ब्लेन या डॉक्टरने चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून. तेव्हा हा रस ग्रॉगमधूनच दिला जाऊ लागला. तिथून पुढे ग्रॉग आणि औषध यांची सांगड बसली. मधली पंचावन्न वर्षं आपण विसरतो.

आता आपल्या जवळची गोष्ट. वेस्ट इंडीजमध्ये मिळणारं लिंबू ते भूमध्य समुद्राकडचं मोठं पिवळं लिंबू नव्हे. ते छोटं, पातळ सालीचं, भरपूर रसाचं, म्हणजे आपलं कागदी लिंबू. मूळ आशियातलं हे झाड माणसांबरोबर पश्चिमेकडे गेलं. तेव्हा ग्रॉगसाठी परदेशी लिंबू शोधत फिरू नका, बाजारात रुपयांवर मिळतं तेच अस्सल आहे.

आणखी एक धागा गोव्यात पोचतो. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर फिरला. त्याचं पुस्तक १६९८ मध्ये छापलं गेलं. त्यात त्याने लिहिलंय की गोव्यात नेरूळला उत्तम अरक, म्हणजे गाळलेली दारू, होतो, त्यापासून इंग्रज 'पाँच' नावाचं पेय करतात, आणि नाव पाच जिनसांवरून पडलं आहे. अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला: हेच पंच. व्हर्ननच्या ग्रॉगमध्ये काटकसरी खलाशाने साखर आणि लिंबू घातलं की पाचातल्या चार जिनसा जमल्या, राहिला फक्त मसाला. ग्रॉग थेट गोव्याहून गेलं असं मी म्हणत नाही. पण दारू, पाणी, साखर आणि लिंबू ही जोडणी त्याआधी कित्येक दशकं आपल्या किनाऱ्यावर पेल्यात पडत होती, हे नोंदलेलं आहे.

चौथी पायरी: सामान जमवा

रम. काळपट, मळीपासून केलेली घ्या. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला मळी सांगायला नको. साखर कारखान्यात दाणे काढून घेतल्यावर उरतो तो काळा, घट्ट पाक. आरमाराची रमही याच मळीची, गयानातल्या डेमेरारा, त्रिनिदाद, बार्बाडोस अशा ठिकाणांहून आणून एकत्र मिसळलेली. पांढरी रम घेतली तर पाण्यात तिचा मागमूस राहत नाही. मसालेदार, व्हॅनिलाचा वास मारलेली रम घेऊ नका, चौपट पाण्यात फक्त तो वासच उरतो.

ही रम आली कुठून, हेही बाटली उघडताना लक्षात असावं. ज्या मळ्यांतल्या उसाची ती होती, तिथे आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं गुलाम म्हणून राबत होती. ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये आणि गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने बंद केली. म्हणजे व्हर्ननच्या हुकुमानंतर जवळजवळ शंभर वर्षं खलाशाच्या पेल्यात त्या माणसांचा घाम होता. ग्रॉगवर लिहिणारे ही बाजू गाळतात, मला ते पटत नाही.

पाणी. यात पाणीच जास्त आहे, त्यामुळे नळाच्या क्लोरीनचा वास असेल तर पेय वाया गेलं समजा. उकळून निववलेलं किंवा माठातलं घ्या. सोडा नको, बर्फ नको.

गोडवा. एक चमचा काकवी सर्वांत छान, कारण तिचं आणि रमचं कूळ एकच. नसेल तर ब्राऊन शुगर. चिरलेला गूळ चालतो, पण गाळून घ्या.

लिंबू. माणशी अर्धं कागदी लिंबू. जोरात पिळू नका, सालीचा कडूपणा उतरतो.

महाराष्ट्रात रम घेण्यासाठी वय २५ पूर्ण असावं लागतं आणि परवानाही लागतो. घरी पाहुण्यांना बोलावणार असाल तर याची काळजी घ्या.

पाचवी पायरी: माप बसवा

इथेच बहुतेकांचं चुकतं. व्हर्ननचं प्रमाण एकास चार. पण ते आरमाराच्या जड रमसाठी होतं. आपल्या ४२.८ टक्क्यांच्या रममध्ये चौपट पाणी घातलं तर ते फार मिळमिळीत होतं. ५४.५ टक्क्यांची रम चौपट पाण्यात सुमारे ११ टक्क्यांवर येते. आपली रम तिप्पट पाण्यात जवळपास तिथेच येते. म्हणून आपलं प्रमाण: एक भाग रम, तीन भाग पाणी.

एका पेल्यासाठी ४५ मिलि रम आणि १३५ मिलि पाणी. घरात पेग मोजायचं भांडं नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते खुणांचं झाकण वापरा. अंदाजाने ओतलेलं ग्रॉग म्हणजे मुळात ग्रॉगच नव्हे.

पुढच्या काळात आरमाराने पाणी आणि रम दोन्ही कमी केलं. १८२४ मध्ये रेशन अर्ध्यावर आणलं, १८५० च्या सुमारास पुन्हा अर्ध्यावर, आणि ते पाइंटचा आठवा हिस्सा म्हणजे ७१ मिलिवर येऊन थांबलं. विसाव्या शतकात साध्या खलाशाला ते दुप्पट पाण्यात मिळायचं, त्याला 'टू-वॉटर ग्रॉग' म्हणत. वरच्या दर्जाचे पेटी ऑफिसर मात्र कोरी घेत. शिक्षा म्हणून सहापट पाण्याचं ग्रॉग द्यायचीही पद्धत होती. हे नंतरचं कडक ग्रॉग करून बघायचं असेल तर आपल्या एक भाग रमला सव्वा ते दीड भाग पाणी घ्या. ते लहान पेल्यात, आणि एकदाच.

सहावी पायरी: मिसळा

क्रम महत्त्वाचा आहे. रममध्ये साखर नीट विरघळत नाही, तळाशी बसते. म्हणून आधी पेल्यात काकवी किंवा साखर घ्या, त्यावर लिंबाचा रस आणि दोन चमचे कोमट पाणी घाला आणि ढवळा. कडेला दाणे दिसेनासे झाले, पाक चहाच्या रंगाचा आणि पारदर्शक दिसू लागला, की रम घाला. आता वास घ्या: मळीचा जड वास आणि त्यावर सालीच्या तेलाचा तीक्ष्ण वास, दोन्ही वेगवेगळे कळायला हवेत. मग उरलेलं पाणी एकदम न ओतता तीन वेळा घाला आणि प्रत्येक वेळी एक घोट चाखा. पहिल्या पाण्यानंतर रम बोलते, दुसऱ्यानंतर लिंबू पुढे येतं. तिसऱ्यानंतर दोन्ही मागे जातात आणि उसाची गोडी जिभेवर मागाहून येते. तिथे ते ग्रॉग झालं.

व्हर्ननचं मूळ ग्रॉग हवं असेल तर साखर आणि लिंबू वगळा. फक्त रम आणि पाणी. चव फार साधी आहे, पण प्रत्येकाने एकदा तरी ते आधी चाखावं, म्हणजे काटकसरी खलाशी आपलं मांस देऊन लिंबू का घेत असेल ते कळतं.

गरम ग्रॉग हा जमिनीवरचा प्रकार. फ्रान्समध्ये ग्रॉग म्हटलं की रम, गरम पाणी, लिंबू आणि मध असंच समोर येतं, तेही सर्दी झाल्यावर. करायचं तर पाणी उकळतं नको, रमचा वास उडून जातो. आणि सर्दीवर ते औषध नाही.

सातवी पायरी: वाटण्याची रीत

रोज दुपारच्या सुमारास जहाजावर शिट्टी व्हायची आणि पुकारा व्हायचा: 'अप स्पिरिट्स!' म्हणजे रम वर आणा. खलाशी हळूच पुटपुटत, 'स्टँड फास्ट द होली घोस्ट'. इंग्रजीत स्पिरिट म्हणजे आत्माही, दारूही. सगळे आत्मे वर चालले, पवित्र आत्म्याने तेवढं जागेवर राहावं, असा त्याचा अर्थ. मग ओकच्या लाकडाचं मोठं पिंप डेकवर यायचं, त्यावर पितळी अक्षरांत राजाला किंवा राणीला देवाचा आशीर्वाद मागितलेला. तांब्याच्या मापांनी मोजून प्रत्येक मेसच्या, म्हणजे एकत्र जेवणाऱ्या गटाच्या, भांड्यात ओतलं जायचं.

नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे अक्षर असे: घेणाऱ्याला 'जी', न घेणाऱ्याला 'टी', वय कमी असलेल्याला 'यूए'. वीस वर्षांखालच्याला रम नाही. न घेणाऱ्याला त्याबदली रोजचे तीन पेन्स मिळत.

आपल्या वाट्याची रम हे एक चलनच होतं. कोणी तुमची पाळी केली, कपडे शिवून दिले, की तुमच्या पेल्यातून त्याला 'सिपर्स', म्हणजे एक लहान घोट. मोठ्या उपकाराला 'गल्पर्स', म्हणजे मोठा घोट. आणि फारच मोठ्या ऋणासाठी 'सँडी बॉटम्स', म्हणजे पेल्यात उरलं असेल ते सगळं. मित्रांबरोबर बसाल तेव्हा हे तीन शब्द सांगा. कोणाच्या पेल्यातून किती घ्यायचं यावर मोठी मनं आणि लहान मनं लगेच दिसतात.

'स्प्लाइस द मेनब्रेस' हाही शब्द ऐकला असेल. मेनब्रेस म्हणजे मुख्य शिडाची काठी फिरवणारा जाड दोर. तो तुटला तर जोडणं फार कठीण, म्हणून ते काम करणाऱ्याला जादा रम मिळे. पुढे दोर तुटो न तुटो, जादा रम वाटण्याच्या हुकुमालाच ते नाव पडलं.

या पिंपांना आपल्या मुंबईच्या सागवानाचीही सोबत मिळाली. वाडिया कुटुंबातल्या जहाजबांधणी कारागिरांनी मुंबईच्या गोदीत इंग्रजांच्या आरमारासाठी कितीतरी जहाजं बांधली. १८१७ मध्ये पाण्यात सोडलेलं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. माझे आजोबा त्याच गोदीत कामाला होते. त्यांच्या काळी ही जहाजं कधीच इतिहासजमा झाली होती, पण कुठल्या धक्क्यावर काय बांधलं हे ते बोट दाखवून सांगत.

शेवटचा पुकारा ३१ जुलै १९७० रोजी झाला. त्याआधी २८ जानेवारीला पार्लमेंटमध्ये यावर चर्चा झाली होती. रडार आणि क्षेपणास्त्रं चालवणाऱ्या माणसाने दुपारी आपल्या दीड मोठ्या पेगाएवढी रम घेणं परवडणारं नव्हतं, आणि इंजिन रूममध्ये आयुष्य काढलेला माणूस म्हणून मला ते शंभर टक्के पटतं. तरी त्या दिवशी खलाशांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, काही ठिकाणी रमच्या पिंपाची अंत्ययात्रा काढली. तो दिवस 'ब्लॅक टॉट डे' म्हणून ओळखला जातो, टॉट म्हणजे रोजच्या वाट्याची रम. अमेरिकेच्या आरमाराने हे १८६२ मध्येच बंद केलं होतं, कॅनडाने १९७२ मध्ये केलं. न्यूझीलंडने सर्वांत शेवटी, १९९० साली.

राहिलेलं ग्रॉग ठेवू नका. मी एकदा अर्धा पेला खिडकीत झाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चाखला. लिंबू कडू झालं होतं, मळीचा वास गेला होता, जिभेवर फक्त तुरटपणा राहिला. जहाजावर वाटून झाल्यावर पिंपाच्या तळाशी जे उरे, ते अधिकाऱ्याच्या समोर डेकवरच्या पन्हाळीतून समुद्रात सोडून देत, आणि मग पिंप धुऊन पालथं घालत.